भालेवाल्याचा रिलिव्हर

चहा होईस्तोवर आमच्या भाडेकरूंची गंमत ऐका. कुरुळीला माझ्या खोलीत सचिन आणि गणेश राहतात. दोघं मोबाईलवर एक चित्रांची गोष्ट वाचतात, राक्षस, जादू, उडते घोडे असली. मला वाचता येत न्हाई, मी नुसती चित्रं बघतो.

परवा दुपारी त्या गोष्टीतली राणी मेली. गणेशला सुट्टी होती, तो डोळे पुसत बसला. सचिनला दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं, तरी तो वाद घालत थांबला.

"राव, आत्ता कुठं गोष्टीत आलेली राणी. तिच्यासाठी काय रडायचं?"

"तुला काळीजच नाही," गणेश म्हणाला. "बाबा, तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "मला त्या भालेवाल्याची काळजी लागलीय. पहिल्या चित्रापासून राजवाड्याच्या गेटवर उभा हाय बिचारा. त्याचा रिलिव्हर कधी येणार?"

सचिन हसला. "बाबा, तो साइड कॅरेक्टर. त्याचं कोण बघतंय?"

"आमी कंपनीत होतो तवा बदली माणूस आल्याबिगर मशीन सोडून हलता यायचं न्हाई. घरी काय बी असू दे, आपलं उभंच."

तेवढ्यात सचिनचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "भावा, कुठंयस? पोरीचा शाळेत नाच आहे, आणि मी अजून तुझी वाट बघत मशीनवरच उभा आहे."

सचिन बूट शोधायला लागला. दारातनं गणेशला म्हणाला, "राणीचं आल्यावर बोलू."

मी म्हणालो, "राणीला आता कसली घाई न्हाई. तू आधी भालेवाल्याला सोडव."