केबलवरची लाल खूण

नाही, तो क्लॅम्प राहू द्या काका, तिथे काही नाही — आधी कार्बोरेटर बघा ना. म्हणजे मी उघडला होता, दोनदा, वाटी काढून धुतली, जेटमध्ये बारीक तार घातली, पण माझ्या हाताचं काही खरं नाही, तुमची नजर फिरलेली बरी. दुखणं असं आहे, की ही गवत कापायची गाडी चालू होते एका किल्लीत, कासवावर छान गुरगुरते — दांड्यापाशी चित्रं आहेत ना, खाली कासव, वर ससा — पण दांडा पार सशापर्यंत नेला तरी आवाज अर्ध्यावर अडतो. मग पातं गवतात सोडलं की गुदमरते. चार हात कापते आणि बंद. तीन आठवडे हेच. पेट्रोल बदललं, प्लग बदलला, एअर फिल्टरमध्ये उंदराने घर केलं होतं तेही काढलं — रिकामं होतं, आधी बघून घेतलं मी, आत पिल्लं असती तर माझ्याच्याने हात लावला गेला नसता.

हसताय ना? हसा, सगळेच हसतात. सासरे होते तेव्हा तेही हसायचे. या गाडीला ते म्हैस म्हणायचे — बसायला ऐसपैस, वळायला नाखूष, आणि ओरडली की चार घरं जागी. त्यांनीच शिकवली मला. लग्न होऊन आले तेव्हा घरात दुसरं कोणी हिच्यावर बसायला तयार नव्हतं, नवऱ्याला गवताने शिंका येतात, आणि मी — मी गवतावर प्रबंध लिहिलेला आहे काका, अडीचशे पानांचा, कुठलं गवत कुठल्या मातीत कसं तग धरतं याचा. सासरे म्हणाले, लिहिलंस पुष्कळ, आता काप. ते गेले गेल्या वर्षी. ठकीला त्यांनी बघितलंच नाही. ठकी म्हणजे मुलगी माझी, नऊ महिन्यांची. आता आत आहे, सासूबाईंपाशी. झोपली असेल. म्हणजे झोपलीच असेल, एवढ्यात उठायची नाही, तिची वेळ —

थांबा हं जरा. पाना आपटू नका.

नाही. काही नाही. वाटलं. हे असं रोज पन्नास वेळा वाटतं, अंघोळ करताना तर हमखास, नळ बंद करून ओलीच उभी राहते कान देऊन. चालू द्या तुमचं.

गुरुवारी हवीय मला ही, तेवढं बघा. वरच्या रस्त्याची ती शाळा नाही का, तिचं मैदान कापायचं काम घेतलंय मी. मुख्याध्यापिकांनी विचारलं आणि माझ्या तोंडून हो गेलं, विचार नंतर केला. शनिवारी मुलांच्या शर्यती आहेत तिथे, मग पुढे दर गुरुवारी. टेम्पो पाठवणार आहेत म्हशीला न्यायला. अडीच तास घराबाहेर. नवरा इतका खूश झाला की मला रागच आला — जा की, बाहेरची हवा लागेल, माणसं दिसतील, आई आहे ना घरी. हे ‘आई आहे ना’ दिवसातून किती वेळा ऐकते मी, विचारू नका. आहेतच त्या. त्यांनी तीन पोरं वाढवली, कानाने तिखट आहेत, वरच्या मजल्यावर चमचा पडला तर खालून सांगतात कुठला पडला. सासूबाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार असती तर सोपं गेलं असतं, खरं सांगते. कोणी दाराला कडी घातली असती तर आपटलं तरी असतं दार.

फोन खिशात ठेव म्हणतात घरचे, ती रडली तर करू. थरथरला की कळेल. या सीटवर बसून बघा एकदा — दातसुद्धा थरथरतात, त्यात फोन कुठला आणि मी कुठली.

रेस आवरतो त्या गव्हर्नरची स्प्रिंग बघितलीत? मला वाटतं ती ताणली गेलीय. नाही? बरोबर भोकात आहे? बरं. मग — काका, मी म्हटलं ना तिथे काही नाही. क्लॅम्प म्हणजे काय, केबल धरून ठेवतो नुसता. हो, सरकलेला दिसतोय खरा. म्हणजे दांडा सशावर गेला तरी केबल पुरतच नाही, इंजिनापाशी अर्धीच ओढली जाते, असंच ना? असेल. जुनी गाडी आहे, सरकतं काही ना काही. कशाची खूण? लाल? गंज असेल.

गंज नाहीये.

नेलपॉलिश आहे ते. माझं.

असं बघू नका. सांगते. मला माहीत होतं म्हणजे — माहीत होतं आणि नव्हतं. कार्बोरेटर खरंच उघडला मी, फिल्टर खरंच साफ केला, दर वेळी मनापासून वाटायचं की आता सापडेल बिघाड. क्लॅम्पकडे नजर गेली की मी दुसरं काहीतरी उघडायला घ्यायचे. आता तुम्हाला सगळंच सांगून बसते. ठकीचं रडणं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ती झोपलेली असताना तो फोन तिच्या रिकाम्या पाळण्यात ठेवला — तिला माझ्या खोलीत निजवली होती — आवाज मोठा करून, आणि इथे येऊन म्हैस चालू केली. दांडा हळूहळू वर नेत गेले. कासवावर ऐकू येतं रडणं. थोडं वर, येतं. अजून वर, येतंय, येतंय, आणि मग एकदम नाही. तिथून केसभर मागे आले, बंद केली, खूण केली आणि त्याच्या पुढे रेस जाणारच नाही असा क्लॅम्प आवळून टाकला. बाळ ऐकू येईल इतकीच ओरडायची परवानगी म्हशीला. प्रयोग म्हणून पद्धत चांगली होती, नाही का — शिक्षणाचा उपयोग.

एकच चुकलं, सासूबाई दुपारी पडल्या आहेत असं मी धरून चाललेले. त्या धावत आल्या रडणं ऐकून. पाळण्यात बघतात तर फोन. मी आत गेले तेव्हा फोन होता तिथेच होता, फक्त बंद केलेला, आणि त्याला पांघरूण घातलेलं. अगदी गळ्यापर्यंत. एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही, आजपर्यंत नाही. मला वाटलं विसरल्या.

तुम्हाला फोन त्यांनीच केला ना? काय म्हणाल्या? गाडी रेस घेत नाही, एवढंच? — केबल बघा म्हणाल्या. केबलच म्हणाल्या. बरं.

तर मग तेही ऐका. ठकी चार महिन्यांची होती. सासूबाई दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या, ही नुकती झोपलेली, मागचं गवत गुडघ्याला लागत होतं. म्हटलं वीस मिनिटं. किती दिवसांनी बसले हिच्यावर, आणि दांडा सशावर टाकला, पूर्ण. गात होते मी काका. इंजिन इतकं मोठं की आपलं बेसूर आपल्यालाच ऐकू येत नाही, ते एक सुख असतं. बंद केली तेव्हा सगळं शांत होतं. आत गेले तर तिचा पाय पाळण्याच्या दोन गजांत अडकलेला, चेहरा जांभळा, तोंड उघडं — आणि आवाज नाही. घसा बसला होता. एवढ्याशा बाळाचा घसा बसतो हे मला ठाऊकच नव्हतं. दोन दिवस ती बिनआवाजाची रडत होती, नुसतं तोंड वासून. मी सगळ्यांना सांगितलं सर्दी झालीय. नवऱ्याने वाफेचं यंत्र आणलं. पायाला काही झालं नाही, एक लाल वळ होता, मोजे घातले की दिसत नव्हता. मी मोजे घातले.

नाही, ‘ऐकू येणं शक्यच नव्हतं’ असं म्हणू नका. तेच तर — आलं होतं. मधेच कधीतरी, बारीक, चिरका आवाज. मला वाटलं गाडीचा पट्टा ओरडतोय. पण पट्टा कसा ओरडतो हे सासऱ्यांनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, तो एका लयीत ओरडतो. हा लयीत नव्हता. आणि एकच फेरी राहिली होती. कुंपणालगतची, एकच, मी ती मारली.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. तुम्ही खाली मान घालून काम करताय म्हणून असेल.

सैल केलात? मग करा चालू. हो, सशावर. पूर्ण.

किती महिन्यांनी ऐकला हा आवाज.

बंद करा. बंद करा काका, पुरे, बंद.

ऐकू येतंय का तुम्हाला काही? मलाही नाही. असं काहीच ऐकू आलं नाही की मला — तिकडे बघा, स्वयंपाकघराची खिडकी. सासूबाई उभ्या आहेत, ठकीला उंच धरून. तिचा हात हलवतायत माझ्याकडे. त्या बघत होत्या वाटतं मघापासून. आवाज ऐकून मुद्दाम आणलं असणार तिला खिडकीत, मला दिसावी म्हणून. हसतेय ती. इथून दात दिसतोय, एकच आहे.

हो, हलवते मीही हात. हा घ्या, हलवला.

आता क्लॅम्प परत लावा. लाल खुणेवर, जिथे होता तिथेच. मला कळतंय तुम्ही काय म्हणताय, यावर मैदान कापलं जायचं नाही, मलाच तुमच्याआधी माहीत आहे. शाळेला कळवा तुम्ही, तुमच्या तोंडून खरं वाटेल — इंजिन जुनं झालंय, गुरुवारचं जमायचं नाही. सासूबाईंनाही तेच. त्यांना पटणार नाही, पण त्या काही बोलायच्या नाहीत.

राहू द्या, पाना इकडे द्या. मीच आवळते. तुम्ही निघा.