सरांनी लावलेलं रेग्युलेटर

बुडालेली मानसं शोधाले आमची डायव्हरची टीम बनली ना, तवाचं सांगते. वणीजवळच्या एका जुन्या, पान्यानं भरलेल्या खदानीत ट्रेनिंग होतं. माझे जोडीदार सलीमभाई, पेशानं मोटार मेकॅनिक. मी वीसेक फूट खाली गेली अन् श्वास घेतला, तर हवेसंगं तोंडात पानी! दुसऱ्या श्वासाले अजून जास्त. मी घाबरून खूण केली. सलीमभाईनं त्यांच्याजवळचं जास्तीचं रेग्युलेटर, म्हंजे टाकीतली हवा तोंडात देनारं यंत्र, माझ्या तोंडात दिलं अन् हात धरून हळूहळू वर आनलं.

काठावर ट्रेनिंगवाले सर म्हनाले, "सेट ओके आहे. सकाळीच पाहिलाय मी. तू घाबरलीस."

"लावून पाह्यला का, सर?"

"वाद कशाला घालतेस? उतर परत."

"नाही उतरत. तुमी हाच सेट लावून कमरेइतक्या पान्यात डोकं बुडवा. मंग मी दिवसभर उतरते."

सर चिडले, पन गेले. डोकं बुडवलं अन् दुसऱ्याच श्वासाले खोकत वर आले.

सलीमभाईनं ते रेग्युलेटर तिथंच खोललं. आतला रबराचा पडदा चिरला होता. "साहेब, गाडीचा ब्रेक असा असता तर मी गिऱ्हाइकाले घरी जाऊ दिलं नसतं."

सरायनं सारे सेट सोताच उचलून जीपमध्ये टाकले अन् सर्व्हिसिंगले नेले.

तवापासून आमच्यात एकच नियम आहे. जो 'ओके' म्हनते, तोच पह्यली बुडी मारते.