पिसं उपटलेली कोंबडी

इस्तंबूलच्या कादिकॉय भागात कातडीच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायचा होता. शेजारी लोकरी टोपी घातलेला एक माणूस बसला होता. तेवढ्यात एक बाई दार ढकलून तरातरा त्याच्यापाशी आली.

"कुठे आहे ती, तुंजाय?"

"गुल्सेरेन! तू माझ्या मागावर आलीस?"

"मग काय करू? पाठ फिरवून झोपतोस. डोक्याला हात लावू देत नाहीस. कोण आहे ती बाई?"

"हळू बोल. बाई कुठली? केस लावून घेतले ना, त्याचंच झालंय."

"केस तर छान आलेत!"

"केस आले गं. पण एकेका केसाच्या बुडाशी उंचवटा आलाय. पिसं उपटलेल्या कोंबडीसारखी दिसते कातडी."

"दाखव."

"नको. किळस येईल तुला."

"टोपी काढ म्हणते ना!"

त्याने काढली. ती कपाळाच्या वर बोटं फिरवत राहिली.

"जाईल का हे?"

"पूर्ण नाही जाणार म्हणतात."

"आणि मी बॅग भरून आईकडे ठेवून आले! आता ती तूच आणायची. खरं कारणही तूच सांगायचं तिला."

"तुझ्या आईला? त्यापेक्षा खरंच एखादी बाई असती तर बरं झालं असतं."

"गप बस. मान खाली कर, मागचंही बघू दे."