सरहद्द ओलांडलेली कोंबडी

अंब्रुश : हे कुणाला पटणार नाही. शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही, म्हणून मी शपथ घेतच नाही. बस, पोरा. बाई, तुम्हीही बसा. आणि ती प्लमच्या दारूची बाटली टेबलावर नको, तिकडे खिडकीत ठेव. मागणी घालायला आलेल्याची बाटली मुलीच्या आजोबाने उघडली की होकार झाला. आणि माझा होकार नाही.

फ्लोआरिया : बाई काय, बाई! साठ वर्षं कुंपणाला कुंपण लागून आहे आपलं, अंब्रुश.

अंब्रुश : आज तुम्ही मुलाची आजी म्हणून आला आहात. आज बाईच.

ओविदिउ : आजोबा, ओर्शी आणि मी, आम्ही दोघांनी...

अंब्रुश : ठाऊक आहे. माझ्या नातीला गुरांचा रुमानियन डॉक्टर आवडला. गावातल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे, त्यांना तूच सुया टोचतोस. पण ईस्टरच्या सोमवारी माझ्या अंगणात शिरून तू तिच्यावर बादलीभर पाणी ओतलंस, ते कुणाला विचारून?

ओविदिउ : रीतच आहे ना ती? मुलगी सुकून जाऊ नये म्हणून मुलाने पाणी घालायचं, मग ती त्याला रंगवलेलं अंडं देते. ओर्शीने दिलं की मला.

अंब्रुश : रीत आहे, पण आमची! हंगेरियन पोरांची! कोबीच्या पानात खिमा गुंडाळायचा आमच्याकडून शिकलात, आता बादलीही न्या.

फ्लोआरिया : कोबी कुणी कुणाचा नेला ते राहू दे. तुझ्या बायकोला त्यात तांदूळ किती घालायचा ते मी शिकवलं. बिचारी गेली, पण जाईपर्यंत माझ्याच मापाने घालायची.

अंब्रुश : आम्ही इथे हजार वर्षं राहतोय, बाई.

ओविदिउ : आम्ही दोन हजार, आजोबा. निदान शाळेत तसं शिकवलं.

अंब्रुश : दोन हजार वर्षं? मग तुमच्या गोठ्याचं फाटक अजून दोरीने का बांधलेलं असतं?

ओविदिउ : पाणी ओतायच्या आधी मी कविताही म्हटली होती.

अंब्रुश : ऐकली. दुसरी ओळ विसरलास आणि माझ्या नातीला म्हणालास, ‘जीभ दाखव’.

ओविदिउ : मला हंगेरियन तेवढंच नीट येतं. ‘जीभ दाखव’, ‘पाय उचल’, ‘किती दिवस खात नाही?’ तुमची गाय रुमानियनमध्ये सांगितलेलं ऐकतच नाही, शिकावंच लागलं. पुढचंही शिकेन.

अंब्रुश : गाय शहाणी आहे. पण ‘शिकेन’ हे माझ्या बहिणीचा, इल्काचा रुमानियन नवराही म्हणाला होता. वाईट नव्हता माणूस. शहरात राहायला गेले. आता तिची तीन नातवंडं फोनवर मला ‘हॅलो’ म्हणतात, मी ‘हॅलो’ म्हणतो, आणि मग दोन्हीकडून नुसते श्वास ऐकू येतात. उद्या माझ्या थडग्यावरचा दगडही त्यांना वाचता येणार नाही. माझ्यामागे आता एकटी ओर्शी उरली आहे. तिची पोरंही तशीच झाली तर ह्या घरात मी होतो हे कोण वाचणार?

फ्लोआरिया : हे मात्र खरं बोललास. आम्ही आल्यापासूनचं पहिलं.

ओविदिउ : मग मी दगडापासूनच सुरुवात करतो, आजोबा. त्यावर काय लिहायचंय ते सांगा.

अंब्रुश : तुला फार घाई झालीय का रे? आता ऐका. महायुद्धात, चाळीस साली, लांब कुठेतरी बड्या लोकांनी नकाशावर रेघ ओढली, आणि ती नेमकी ह्या अंगणातल्या अक्रोडाच्या झाडातून गेली. अलीकडे हंगेरी, पलीकडे रुमानिया. चार वर्षं! वडिलांचा शर्ट आई वाळत घालायची, तर डावी बाही घरात आणि उजवी परदेशात.

फ्लोआरिया : रेघ ओढ्यातून गेली होती. अक्रोड अख्खा तुमचाच होता.

अंब्रुश : गोष्ट कोण सांगतंय? तर अक्रोड पलीकडे पडला की वडील त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. चार वर्षांत आमच्या घरातल्या कुणीही पलीकडे पायाचं बोट टेकवलं नाही, पलीकडचा कण तोंडात घातला नाही. असं असतं घर राखणं! टेकवलं असेल तर दाखवा, ती बाटली मी स्वतः उघडतो.

ओविदिउ : खरंच उघडाल?

अंब्रुश : दातांनी. गेली ती फक्त आमची कोंबडी. भर दुपारी ओढा पोहून गेली...

ओविदिउ : कोंबडी पोहत नाही, आजोबा.

अंब्रुश : तू पुस्तकातल्या कोंबड्या शिकलास. ही सरहद्दीवरची. आमचा शिपाई ओरडला, थांब! तुमचा ओरडला, कागदपत्रं दाखव! ती दोघांनाही शेपूट दाखवून गेली. संध्याकाळी परत आली ती भिजून चिंब. आणि तिसऱ्या दिवशी तिने काय घातलं असेल? लाल अंडं! लालभडक! तिकडचे दाणे खाल्ल्यावर दुसरं काय होणार? कॅप्टन घोड्यावरून बघायला आला. ही कोंबडी अजून हंगेरियन धरायची की नाही, असा वर अर्ज गेला. उत्तर येईपर्यंत तिचं सूप झालं होतं.

ओविदिउ : लाल अंडं म्हणजे... ईस्टरला रंगवतात तसं?

अंब्रुश : अरे, हीच शंका येणार हे मला ठाऊक होतं! त्रेचाळीसचा ईस्टर. आमच्या घरी आजी वारली होती, म्हणून कुणी रंग केलाच नव्हता. आणि तुमच्या चर्चचं पंचांग वेगळं, तुमचा ईस्टर त्या वर्षी आठवडाभर लांब, तुमच्याकडे रंगाचं पातेलं चुलीवर चढलंही नव्हतं. मग लाल आलं कुठून? कोंबडीतून!

फ्लोआरिया : ते अंडं आहे अजून?

अंब्रुश : आहे म्हणजे? कपाटात वरच्या फळीवर, बशीत. आतलं सगळं वाळून खडा झालंय, हलवलं की खुळखुळतं.

फ्लोआरिया : आण बघू.

अंब्रुश : नको. फुटेल.

ओविदिउ : मी काढतो, आजोबा. माझा हात हलका आहे, तुमच्या गायीला विचारा.

(अंडं बशीसकट टेबलावर येतं. फ्लोआरिया चष्मा लावते आणि बराच वेळ बघत राहते.)

ओविदिउ : आजी, ह्यावर पांढरं पान उमटलंय. स्ट्रॉबेरीचं दिसतंय.

अंब्रुश : पालाही खाल्ला होता तिने.

फ्लोआरिया : आणि पानाचं टोक दुमडलंय. पान अंड्यावर ठेवायचं, वरून मोजा घट्ट बांधायचा आणि कांद्याच्या सालींत उकळायचं. माझा मोजा फाटका होता, पान सरकलं. आईने टपली मारली. म्हणाली, हे चर्चमध्ये न्यायचं नाही, दे कुणालातरी.

अंब्रुश : तेव्हा गावभर मोजे फाटकेच होते, बाई.

ओविदिउ : पण आजी, आपला ईस्टर तर त्या वर्षी आठवडाभर उशिरा...

फ्लोआरिया : खोटं आहे! त्रेचाळीसला दोन्ही ईस्टर एकाच रविवारी आले होते. म्हणून तर दोन्हीकडचे शिपाई सोमवारी सकाळी पिऊन पडले होते, आणि तेरा वर्षांचा एक हंगेरियन पोरगा बादली घेऊन ओढा ओलांडून आमच्या अंगणात आला. कविता अर्धी विसरला होता.

अंब्रुश : अर्धी नाही. एकच ओळ.

फ्लोआरिया : ओविदिउ, खिडकीतली बाटली आण. आणि अंब्रुश, त्या दिवशी भिजून चिंब झाली ती मी होते. कोंबडी नव्हे.