हळू फेकलेली काठी

—नाही, तू बस गं. माझ्या जागेवर आलेली नवी बाई तू, ऑकलंडहून इतक्या लांब ओपोटिकीत आलीस, तुझा काय दोष त्यात? सोमवारपासून मी स्वयंपाकघरात, पोरांची फळं चिरायला — बालवाडीच्या कमिटीनं ठरवलंय. बरं, या काठ्या बघ. जुनी मासिकं गुंडाळून चिकटपट्टी लावलीय, म्हणजे पोरांना टेंगूळ नको. समोरासमोर मांडी घालून बसायचं, गाणं म्हणायचं, ठेक्यावर जमिनीवर आपटायची नि समोरच्याकडे फेकायची — त्याच क्षणी त्याची झेलायची. आपल्या माओरी पणज्यांनी मनगटं यावरच घडवली. पेन्सिल नंतर, आधी हे. वायरेमू आला तेव्हा त्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. आता दोन्ही हातांनी झेलतो. कुणी केलं? मी — मी आणि मेरेआनानं.

मेरेआना! एकोणीस वर्षं माझ्यासोबत शिकवायला ती माझ्यासमोर बसली. त्याआधी लहानपणी याच बालवाडीत शिकायला होती, तिच्या हातात पहिली काठी मी दिली. आणि तिनंच कमिटीला जाऊन सांगितलं, हूरिया मावशीचे हात थरथरतात. केसानं गळा कापला माझा! मला सांगायचं ना, तोंडावर! — थरथरतात? कुठं थरथरतात? सकाळी जरा, थंडीत. परवा एक सुटली, वायरेमूच्या भुवईला लागली, रडला, झालं. — हो, त्याआधीही सुटायच्या. पण कळलं कुणाला? मेरेआना गाणंच हळू घ्यायला लागली होती, वर्षभर. मी विचारलं, का गं? तर म्हणे, मावशी, यंदाची पोरं लहान आहेत. आणि मी विश्वास ठेवला! पोरांसाठी नव्हतंच ते. माझ्या तळहातात आणून टाकायची काठी — ती तीन वर्षांची असताना मी तिला टाकायची ना, तश्शी. चुगलीचं एवढं नाही, पण हे फार लागलं गं.

तुला नाही ना काही सांगितलं तिनं? खरंच? शपथ? बरं. मग घे या दोन, बस समोर. मी गाते, तू फेक. चांगली जोरात. चल — एक, दोन —

अशी? अलगद?

...ऊठ. ठेव त्या काठ्या. जा, पोरं आलीत.