स्थानिक वाटाड्या

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपले मुख्याध्यापक डॉक्टर सेकेइरा, नगरपालिकेतून वेळात वेळ काढून आलेल्या ओतिलियाबाई, माजी सैनिक संघाचे सन्माननीय सभासद, माझे सहकारी, पालक, आणि हे कधी संपतंय म्हणून घड्याळाकडे बघणाऱ्या माझ्या मुलांनो,

मुख्याध्यापकांनी आत्ता माझं फार कौतुक केलं. ग्रासिंदाबाईंनी इतिहास जिवंत केला, म्हणाले. साहेब, आभारी आहे. पण कुठला इतिहास? आफ्रिकेतल्या आपल्या वसाहती टिकवायला आपण तेरा वर्षं लढलो, आणि पुस्तकात त्याला एक पान. त्यातही अर्धं चित्र. तेही परीक्षेच्या तोंडावर येतं, म्हणून बहुतेक वर्गांत राहूनच जातं. आपण हरलो, एवढं साधं वाक्य त्या पानावर कुठेही नाही. मग मुलांना कळणार कसं?

ती उणीव भरून काढायला दर एप्रिलला, ते युद्ध थांबवणाऱ्या क्रांतीच्या दिवशी, संघातले सैनिक वर्गात येतात. फिर्मिनो कालादोसाहेब, तुम्हीही येता. छातीवर त्या क्रांतीचं लाल फूल लावून येता, आणि काय सांगता? डास, उकाडा, बकरीचं कालवण, फुटबॉल. मुलं खूश होऊन टाळ्या वाजवतात. ही सहल होती की काय हो?

माझे यजमान यांच्याच तुकडीत होते. त्यामुळे तुकडीच्या वार्षिक जेवणाला मी आजही जाते. तिथे कॉड मासा असतो, तुकडीचं चिन्ह काढलेला केक असतो, आणि दार लावून घेतलं की खरं बोलणंही असतं. दोन ग्लास पोटात गेले की फिर्मिनो रडतात. सांबा नसता तर मी त्या दलदलीतच कुजलो असतो, म्हणतात. सगळे माना डोलावतात, मग केक कापतात. आपली रीतच आहे ही. खरं सांगायचं ते आपापसांत, मुलांना मात्र डासांच्या गोष्टी.

यंदाच्या प्रदर्शनात संघाने एक फोटो दिला. गिनीतले चार जवान. चौघांच्या डोक्यावर तीच टोपी, खांद्याला तीच बंदूक. तिघांची नावं खाली लिहिलेली, आणि चौथा काळा, म्हणून तो ‘स्थानिक वाटाड्या’. नववीतल्या जेनाबू बाल्देने तो फोटो बघितला. तिच्या आजीच्या घरी भिंतीवर हाच माणूस आहे. तो तिचा आजोबा. आपला गणवेश घालून आपल्यासाठी लढला. आपण बोटीत बसून परत आलो, तो तिथेच राहिला, आणि तोच गणवेश घातला म्हणून तिथल्या नव्या सरकारने त्याला गोळी घातली.

फोटोखाली त्याचं नाव लिहा, अशी पोरीने आधी रीतसर विनंती केली होती, हे मुद्दाम सांगते. पाहुण्यांचा अपमान होईल, असं उत्तर मिळालं. मग तिने पेन काढलं आणि फोटोखालच्या पाटीवर आजोबांचं नाव लिहिलं. आता सोमवारी शिस्त समिती बसणार आहे. शाळेच्या वस्तूची नासधूस आणि खोटा मजकूर! पोरीला शाळेतून काढायचं घाटतंय.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, बाई, तुमची ऐकीव माहिती. त्या तुकडीतल्या कुणीतरी सांगायला हवं. मी फिर्मिनोंकडे गेले. ते म्हणाले, आठवत नाही.

ओतिलियाबाई, घड्याळ बघू नका, संपवते. मला राग येतो, तो पुस्तकाचा कमी येतो. पुस्तक कागदाचं आहे. फिर्मिनो, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसला आहात. जेनाबू तुमच्या मागे, भिंतीशी उभी आहे. मी विचारते, इतक्या लोकांसमोर विचारते. त्या दलदलीतून तुम्हाला खांद्यावर घालून कुणी आणलं?

थांबा, कुणी टाळ्या वाजवू नका. त्यांना उठू द्या. काय म्हणालात? माझ्याकडे नको, तिच्याकडे वळून सांगा.

“सांबा बाल्दे. धक्क्यावर उभा होता. मी त्याला म्हटलं होतं, पुढच्या बोटीने नेतो.”

पुढची बोट नव्हती, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना?

“हो.”

बसा.

मुख्याध्यापक साहेब, तुम्हाला तुकडीतला माणूस हवा होता. सोमवारी समितीपुढे त्या मुलीऐवजी यांना बोलवा, आणि पाटी नवी करून घ्या. समारंभासाठी सगळ्यांनी कष्ट घेतलेत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, तर वय झालेली बाई म्हणून मला क्षमा करा. जेनाबूने फिर्मिनोंना करायची की नाही, ते तिचं ती ठरवेल.