मावशींच्या भाकरीचा व्हिडिओ

मावशींचं दार भरदुपारी बंद दिसलं. शेजारच्या या मावशी घरी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी करून विकतात. आदल्या दिवशी मी कौतुकानं त्यांचा व्हिडिओ टाकला होता, तोही न विचारता आणि त्यांच्या नंबरासकट! आता दाराबाहेर अनोळखी माणसांची ही गर्दी.

"बेन, रोटला मळशे के नहीं?" भाकरी मिळेल की नाही, असं एका गुजराती काकांनी मलाच विचारलं.

मावशी वैतागून गावी, अमळनेरला तर निघून गेल्या नाहीत? मी फोन लावत सुटले. सारखा बिझी. अकराव्यांदा उचलला, बहुतेक नाव न बघताच.

"भाकरी संपल्या! अन् ती शेजारची व्हिडिओवाली पोरगी दिसली तर तिले सांगजा..."

मी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"...थापाले ये म्हना! एकटीनं किती करू?"